अण्णाचे कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. दोन-तीनदा ओठांपर्यंत आलं होतं — एकदा तर वाक्य सुरूही केलं होतं मी — आणि मग घराच्या कौलांचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय का? असेलही. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघत हे बोलायची माझी छाती नाही.

अण्णाच्या कानांपासून सुरू करतो. नाहीतर मी पुन्हा भलतीकडे जाईन.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही वडगावचे — बेळगावला लागून असलेलं विणकरांचं वडगाव. घरात दोन हातमाग होते. एकावर आप्पा, म्हणजे आमचे वडील, बसायचे आणि दुसऱ्यावर अण्णा. मी भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसायचो. ही वाटणी अण्णानंच केलेली. सातवीनंतर त्यानं शाळा सोडली आणि आप्पांना म्हणाला, “रघूचं डोस्कं चालतंय, त्येला शिकू दे. माझं हात चालत्यात, मला हितं बसू दे.” एवढंच. त्यावर घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. त्या हातांवर मी शिकलो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं, मी बी.एस्सी. झालो. निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे अण्णानं वाटले, आणि कुणी विचारलं तर ‘आम्ही पास झालो’ म्हणत होता.

त्याचे कान — कसं सांगू? माग चालवताना तो दारातल्या माणसाशी गप्पा मारायचा, मान तिकडे, हसणं-खिदळणं चालू, आणि मधेच हात थांबायचा. “तार तुटली.” वाकून बघावं तर खरंच एक तार तुटलेली असायची. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना जो आवाज करतो, त्यात कुठंतरी एका तारेएवढा फरक पडलेला त्याला कळायचा. मला तर सगळा एकच खटखटाट वाटायचा. गल्लीत कुणाच्या घरातला माग बंद पडला हे त्याला जेवता जेवता समजायचं. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या दूरची रेल्वे ऐकून म्हणायचा, “लोंढ्याची गाडी आज उशिरा हाय.” आम्ही कान टवकारायचो. आम्हाला काहीच ऐकू यायचं नाही. आई, आप्पा आणि मी, तिघंही त्याच्याकडे असे बघायचो, जसं एखाद्या घरात गाणारा मुलगा असला की त्याच्याकडे बघतात.

कॉलेजात मला प्राणिशास्त्र होतं. एके दिवशी सरांनी माणसाच्या कानाची प्रतिकृती आणली, तिचे भाग एकेक करून सुटे करता यायचे. पडदा, तीन इवलीशी हाडं, आणि सगळ्यात आत गोगलगाईच्या शंखासारखी एक गुंडाळी. सर म्हणाले, खरी गुंडाळी वाटाण्याएवढी असते आणि तिच्या आत केसांहून बारीक असे हजारो तंतू असतात. आवाज आला की ते हलतात, वाऱ्यानं भाताचं शेत हलावं तसे. त्या हलण्यालाच आपण ऐकणं म्हणतो. मग सर सहज बोलावं तसं बोलून गेले, की फार मोठा आवाज रोज रोज झाला तर हे तंतू आडवे पडतात, आणि एकदा पडलेले पुन्हा उभे राहत नाहीत. नवे उगवतही नाहीत.

मी त्या दिवशी घरी येऊन अण्णाच्या कानाकडे कितीतरी वेळ बघत राहिलो होतो. तो म्हणाला, “काय रं, मळ दिसतोय काय?” मी त्याला सगळं सांगितलं नाही. एवढ्याशा जागेत भाताचं शेत, आणि ते त्याच्या डोक्यात दोन्ही बाजूंना डुलतंय, आणि त्याला माहीतही नाही!

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, याला माहीत नसेल. मला माहीत होतं.

पुढं काय झालं ते सरळ सांगतो. पॉवरलूम आली, हातमागाचं लुगडं मागं पडलं. आमचा एक माग विकावा लागला. आप्पांनी अण्णाला शेजारच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये कामाला घातलं. त्या शेडचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. आत गेलं की माणसाची तोंडं हलताना दिसतात, शब्द नाही. आमच्या भागात दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये काढलेली माणसं ऐकायला कमी यायची, आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं. मागानं कान खाल्ले, असं म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. अण्णा तिथं दोन वर्षं होता.

तेवढ्यात मला बेळगावच्या कॅम्पात नोकरी लागली. एका मोठ्या निवासी शाळेत बागेचा सुपरवायझर. शाळेचं नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. दोन मोठी मैदानं, मेंदीची कुंपणं, जुनी झाडं, आणि या सगळ्यावर देखरेख करणारे एक निवृत्त मेजरसाहेब. शिस्तीचे पण मनानं मोकळे. वर्षभरानं बागेत माणसाची जागा निघाली तेव्हा मी भीत भीत अण्णाचं नाव सांगितलं. मेजरसाहेब म्हणाले, “तुझा भाऊ? मग विचारतोस काय!”

नोकरीवर घेण्याआधी डॉक्टरची तपासणी असायची. डॉक्टर धारवाडकडचे होते. त्यांनी अण्णाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, तोंडावर हात धरून, कन्नडमध्ये कुजबुजले. मी दारात होतो, मला ऐकू आलं नाही. अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाला, “न्हाय साहेब, अजून घेतल्याला न्हाय. तुम्ही पाजतासा व्हय?” डॉक्टरांनी चहा झाला का म्हणून विचारलं होतं. ते एवढे हसले की शिपायाला पाठवून खरोखरच चहा मागवला. मला म्हणाले, पॉवरलूमवरून आलेल्या माणसाचे असे कान मी बघितले नाहीत.

हे वाक्यही मी ऐकलेलं आहे. विसरलेलो नाही.

मग ते यंत्र आलं. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून पाठवलेलं — खांद्याला पट्ट्यानं अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं, लांब दांड्याच्या टोकाला गरगर फिरणारं पातं. गवत, झुडपं, मेंदीच्या फांद्या, समोर येईल ते उडवायचं. इंजिन थेट माणसाच्या कानामागं. अख्ख्या कॅम्पात तसं दुसरं नव्हतं. सुरू केलं त्या दिवशी झाडावरचे सगळे कावळे उठले, स्वयंपाकघरातली माणसं हातातलं काम टाकून पळत आली. आठ माणसांनी आठवडाभर विळ्यांनी कापायचं गवत अण्णानं दोन दिवसांत आडवं केलं. आम्ही सगळे त्या यंत्रामागं लहान मुलांसारखे चालत होतो.

यंत्राच्या खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती आणि कानावर घालायचं एक साधन होतं. दोन पिवळ्या वाट्या, आत मऊ गादी, मधे डोक्यावरून जाणारी पट्टी. पुस्तिकेत पहिल्याच पानावर एका माणसाचं डोकं काढलेलं, त्याच्या कानांवर या वाट्या, आणि खाली जाड अक्षरांत लिहिलेलं — यंत्र चालवणाऱ्यानं या घातल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, ऐकणं कायमचं जाऊ शकतं. मी ते दोनदा वाचलं.

आणि मग, अण्णाला देण्याआधी, मी त्या स्वतः घालून बघितल्या. सामानाच्या खोलीत, एकटाच होतो. बाहेर अण्णा इंजिन चालवत होता आणि माझ्या कानांवर वाट्या बसल्या तशी ती फटफट एकदम दूर गेली, डोंगरापलीकडं कुणी लाकूड फोडावं तशी. मग त्यानं इंजिन बंद केलं. आणि — मला हे नीट सांगता येणार नाही. काहीच राहिलं नाही. मी मागांच्या गल्लीत जन्मलो, आईच्या पोटात असल्यापासून खटखटाटच ऐकला असणार. पंचवीस-सव्वीस वर्षांचा झालो तरी शांतता कशी असते ते मला माहीत नव्हतं. माझा श्वास आत जाताना ऐकू आला. मग त्याच्या खाली आणखी काहीतरी, हळू, एका लयीत. माझंच रक्त असावं. मी तिथल्या पोत्यावर खाली बसलो. देवळात गेल्यावरही मला तसं कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा, त्या वाट्यांची किंमत मला कळली नव्हती असंही म्हणता येत नाही.

पहिले तीन-चार महिने अण्णानं त्या रोज घातल्या. बागेतल्या बाकीच्यांनी त्यांना ‘टेलिफोन’ नाव ठेवलं. “काय अण्णा, आज दिल्लीला लावलासा काय?” “वहिनी बोलत्यात व्हय पलीकडनं? निपाणीचा तंबाखू पाठवा म्हनावं!” वहिनीचं माहेर निपाणीचं. अण्णाही हाताचा डबा करून कानाला लावायचा आणि “लाइन लागंना” म्हणायचा. छान चाललं होतं.

एक दिवस मेजरसाहेबांकडं पाहुणे होते. साहेबांनी मैदानाच्या कडेवरून अण्णाला हाक मारली, यंत्र पाहुण्यांना दाखवायला. अण्णा पाठमोरा. ऐकू कसं येणार? साहेब पुन्हा ओरडले, पाहुणे हसले, शेवटी साहेब स्वतः चालत गेले आणि खांद्याला हात लावला. नंतर मला बोलावून म्हणाले, “रघुनाथ, तुझा भाऊ बोलावल्यावर ऐकत नाही. काहीतरी व्यवस्था कर.”

वाट्या काढून टाक, असं ते म्हणाले नाहीत. हे शंभर वेळा मी मनात तपासलं आहे. व्यवस्था कर, म्हणाले. एक माणूस लाल फडकं घेऊन समोर उभा केला असता तर व्यवस्था झाली असती. मी साहेबांना ती पुस्तिका दाखवली असती तर त्या शिस्तीच्या माणसानं स्वतःच तसा हुकूम काढला असता. पण मला वाटलं — काय वाटलं मला? की याची नोकरी माझ्या शब्दावर आहे आणि माझी साहेबांच्या. की पदवीधर झालो तरी आपण अजून कुणाच्या तरी अंगणात उभे आहोत आणि इथं प्रश्न विचारायचे नसतात. आणि पाहुणे हसले ते मला लागलं होतं. माझा भाऊ म्हणून लागलं होतं.

संध्याकाळी सामानाच्या खोलीत मी अण्णाला म्हटलं, त्या वाट्या इथं ठेव, उद्यापासून घालू नको.

त्यानं लगेच काढून दिल्या. मग विचारलं, “पर त्या पुस्तकात काय लिवलंय रं? त्या चित्रातला गडी घालून हाय की.”

मी म्हणालो, “धुळीसाठी आहे ते. कानात धूळ जाऊ नये म्हणून. आता पावसाळा आलाय, धूळ कुठली?”

हसलं असतं कुणीही. अण्णा हसला नाही. त्याचा माझ्या इंग्रजीवर विश्वास होता. ते इंग्रजी त्यानंच तर मला शिकवलं होतं, मागावर बसून. “मग बरं,” म्हणाला, “घाम लई येतोय त्येच्यात.” मी वाट्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं.

पावसाळा गेला, धूळ आली. त्यानं वाट्या मागितल्या नाहीत. मी दिल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला तो एकदा जेवताना म्हणाला, “कानात कुणीतरी कांड्या भराय बसलंय.” धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचा चरखा फिरतो तेव्हा एक बारीक, न थांबणारी घूं येते, आमच्या घरातल्या प्रत्येकाला ती ओळखीची. आई हसली. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. पुढं पुढं ती घूं रात्री झोपू देईना. एका रविवारी त्यानं वहिनीच्या वातींच्या कापसाचे दोन बोळे केले आणि कानात घालून बघितले. कामावर असंच घालून जावं म्हणाला, जरा बरं वाटतं.

आईनं ते बघितलं आणि ती किंचाळली. “जित्या माणसाच्या कानात कापूस? काढ! काढ आधी!”

आमच्याकडं कापूस कानात घालतात तो माणूस गेल्यावर. नाकात आणि कानात. तिरडी बांधायच्या आधी. वहिनी रडायला लागली, आप्पा मागावरून उठून आले. अण्णा ओशाळून बोळे हातात धरून उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. घरातला शिकलेला मीच. मी एवढं म्हटलं असतं, की आई, यानं काही होत नाही, मोठ्या आवाजात कान झाकावेच लागतात, तर आईनं ऐकलं असतं. ती माझं ऐकायची. पण मग अण्णानं विचारलं असतं, आवाजानं कान जातात व्हय? मग त्या वाट्या कशाच्या हुत्या?

मी म्हणालो, “आईच्या मनाविरुद्ध कशाला?”

त्यानं बोळे चुलीत टाकले.

चौथ्या वर्षी तो बहिरा झाला. एकदम नाही. आधी पोरींचे बारीक आवाज गेले — त्याच्या दोन मुली होत्या, लहान — मग दारावरची थाप, मग माणसं. लोंढ्याच्या गाडीचं तो बोलेनासा झाला होता, ते तर आमच्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्याला खासगी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, काय काम करतात हे? मोठ्या आवाजात असतात का? त्यांनी अण्णाकडं बघून विचारलं होतं. अण्णाला ऐकू आलं नाही. उत्तर मी दिलं.

“पॉवरलूमवर होते.”

खोटं आहे का यात काही? होताच तो पॉवरलूमवर. डॉक्टरांनी मान डोलावली, त्यांनी अशी माणसं रोज बघितलेली. आणि घरी येऊन मी तेच सांगितलं. मागानं कान खाल्ले. गल्लीत कुणाला दुसरं कारण विचारावंसंच वाटलं नाही. किती सोपं होतं! गल्लीच्या तोंडात झिजून तयार झालेलं उत्तर होतं ते, मला फक्त हात पुढं करून उचलायचं होतं.

अण्णानं ते मानलं. एकदाच, फक्त माझ्याजवळ, म्हणाला, “पर मागावरनं आलतो तवा त्या डाक्टरचं कुजबुजल्यालं ऐकलतो की रं.” मी त्याला म्हटलं, मागाचा आवाज आत आत खात राहतो, उशिरा कळतं. त्यानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. त्याची नोकरी राहिली, मेजरसाहेब भले माणूस. यंत्राचं काम काढून घेऊन रोपवाटिकेत दिलं. यंत्र दुसऱ्याकडं गेलं, आणि त्या दिवशी मी कपाट उघडून वाट्या त्या दुसऱ्याला काढून दिल्या. हो. दिल्या. तो माणूस आजही चांगला ऐकतो.

अण्णा नंतर कसा जगला, ते बघून मी आजही थक्क होतो. शेडमधली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, दोन वर्षांत तेवढं तो शिकला होता; आता सगळ्यांनाच तसं वाचायला लागला. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले तरी त्याला कळायचं, आणि आम्ही दोघं तसंच बोलायला लागलो. धाकटी मुलगी रडायला लागली तर तो पाळण्याच्या लाकडाला हात लावून ओळखायचा. कुठं तक्रार नाही. त्याच्याकडून जे गेलं होतं ते किती मोठं होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि तो मला कामावर निघताना विचारायचा, डबा घेतलास न्हवं?

पण आप्पा.

आप्पांनी हे मनाला लावून घेतलं. त्यांनीच अण्णाला शेडमध्ये घातलं होतं ना! ते कुणाला बोलले नाहीत, अण्णाला तर नाहीच. शेडवरून जाणारा रस्ता त्यांनी सोडला, लांबच्या वळणानं बाजारात जायचे. आईनं मला सांगितलं, “तुजं आप्पा जेवताना अण्णाकडं बघत्यात आणि घास खाली ठिवत्यात.” मी ऐकून घेतलं. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षं मी एका म्हाताऱ्या माणसाला माझं ओझं वाहताना बघितलं, रोज, एकाच ताटाच्या अंतरावरून.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. शब्द ओढत ओढत यायचे, पण कान लावला तर कळायचे. अण्णाला मात्र ते वाकडे ओठ वाचता येईनात.

एका दुपारी आम्ही दोघं त्यांच्याजवळ होतो. आई आणि वहिनी मागल्या दारी. मी उशाशी बसलेलो, अण्णा पायांशी, पाय चेपत. आप्पांनी चांगल्या हातानं अण्णाचं मनगट धरलं आणि बोलायला लागले. फार वेळ लागला त्यांना. मी शब्द न् शब्द ऐकला.

“मी... मीच घाटलं रं तुला... त्या शेडात. तुजं कान... माझ्या हातनं गेलं. माझ्याव... राग धरू नगं.”

आणि मनगट न सोडता ते अण्णाच्या तोंडाकडं बघत राहिले. वाट बघत राहिले.

अण्णा त्यांच्या ओठांवर डोळे लावून बसला होता. त्याला काही कळलं नव्हतं. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

“काय म्हणत्यात रं आप्पा?”

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? अण्णा तिथल्या तिथं बोलला असता — न्हाय आप्पा, मागानं न्हाय, मागावरनं आलतो तवा मला सगळं ऐकाय येत हुतं. आणि मग आप्पांनी डोळे वळवून मला विचारलं असतं, मग कशानं? ते मला दिसलं, सगळं एका क्षणात दिसलं. आप्पांना माझं तोंड दिसत नव्हतं, मी त्यांच्या डोक्यामागं होतो. मी आवाज न करता ओठ हलवले.

पाणी मागत्यात.

अण्णा उठला. कोपऱ्यातल्या मडक्यातून तांब्या भरून आणला. आप्पांच्या मानेखाली हात घातला, त्यांना छातीशी टेकवलं आणि तांब्या ओठांना लावला. आप्पा त्याच्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं होतं एक आणि समोर आलं होतं पाणी. मला वाटलं, ते मान फिरवतील. त्यांनी फिरवली नाही. त्या पाण्याला त्यांनी उत्तर समजून घेतलं. वाकड्या तोंडातून निम्मं सांडत होतं, तरी पीत राहिले, तांब्या रिकामा होईपर्यंत, आणि पिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णा पंच्याच्या टोकानं हनुवटी पुसत होता, डोळे पुसत होता, हसत होता. “लई तहान लागलती बघ,” मला म्हणाला.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. त्या दोघांच्या मधे त्या वेळी जे काही होतं, त्याच्याइतकं मोठं मी आयुष्यात काही बघितलेलं नाही. ते माझ्या खोट्यातून निघालं होतं आणि मला त्यात जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी आप्पा गेले.

अण्णा आता म्हातारा झालाय. माझ्याच घरी असतो. कुणी पाहुणा आला, आप्पांचा विषय निघाला की त्याचा चेहरा उजळतो आणि बहिऱ्या माणसाच्या त्या जरा मोठ्या आवाजात तो सांगतो, की माझा बाप शेवटी माझ्या हातचं पाणी पिऊन गेला, तांब्याभर पिऊन गेला, रघूला विचारा, तो होता तिथं. पाहुणा माझ्याकडं बघतो.

मी हो म्हणतो.